‘तुम्ही आता बसा’ म्हणण्यापूर्वी

औंढा नागनाथाच्या देवळात जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे की तेथे देव समोर नाही, खाली आहे. मंडपातून पुढे जावे तो जमिनीत उतरणारी एक अरुंद वाट लागते. तिच्यातून पायऱ्या उतरायच्या, अंग चोरायचे, मान लववायची आणि तळघरातल्या गाभाऱ्यात बसूनच दर्शन घ्यायचे. मग पुन्हा उठायचे, वळायचे आणि त्याच वाटेने वर यायचे. तरुण माणूस हे सगळे बोलता बोलता उरकतो. साठीपुढच्या माणसाची मात्र तेथे परीक्षा होते. गुडघा किती वाकतो, मांडीत उठण्याचे बळ उरले आहे की नाही, अंधुक उजेडात पाऊल नेमके पडते की चाचपडते, हे सगळे त्या चार हात जागेत समजून येते. हिंगोली जिल्ह्यातल्या किती आजी-आजोबांनी ‘आता वरूनच नमस्कार करतो, बाबा’ असे म्हणून आपला खालचा देव सोडून दिला असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

गंमत अशी, की ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी हीच परीक्षा देवळावाचून घेतली. २०१२ साली क्लाउदिओ आराउझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी सांगितले एवढेच: जमिनीवर बसा आणि उठा. बसण्याला ५ गुण, उठण्याला ५. हात टेकला, गुडघा टेकला की एकेक गुण वजा; तोल डळमळला तर अर्धा वजा. पुढे काही वर्षे या मंडळींची खबर ठेवली, तेव्हा असे आढळले की ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण पडले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाच-सहा पट होते. आता यावरून कोणी घरातल्या वडील माणसांना ओळीने बसवून भविष्य सांगू नये. ज्याला उठता येत नाही तो बहुधा आधीच कशाने तरी आजारी असतो. परंतु जमिनीवरून उठणे ही किरकोळ बाब नव्हे, एवढे त्यावरून कळते.

आपल्या लोकांना हे कोणी शिकवायला नको होते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे मराठवाड्यातले कुठलेही घर डोळ्यांपुढे आणा. जेवण जमिनीवर, स्वयंपाक चुलीपुढे, दळण जात्यावर, अंथरूण भुईवर, आणि सकाळचा विधी उकिडवे बसून. माणूस दिवसातून वीस-पंचवीस वेळा जमिनीला भेटून परत उठत असे. आज सेनगावात किंवा कळमनुरीत जा: घरात प्लास्टिकची खुर्ची आली, ओट्यावर गॅस आला, गिरणी कोपऱ्यावर आली, खुर्चीचा संडास आला, आणि शेतावर जायला नातवाची मोटारसायकल आली. यांतली एकही गोष्ट वाईट नाही. चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या बाईपुढे जुन्या काळाचे पोवाडे गाऊ नयेत. पण या सगळ्या सोयी मिळून आपल्या गुडघ्यांचा रोजचा पाठ बंद पडला, हेही खरे.

आणि राहिलेली कसर आपल्या मायेने भरून काढली. ‘माय, तू बस. तुला कशाला तरास?’ ‘अण्णा, पाणी मी आणून देतो, तुम्ही उठू नका.’ आपल्याकडे वडिलांचा मान म्हणजे त्यांना हालू न देणे. म्हातारा खाटेवरून उठला की सुनेला मेल्याहून मेल्यासारखे होते: लोक काय म्हणतील? मला हा मान फार घातकी वाटतो. स्नायूंचा हिशेब निष्ठुर असतो. ते तिशी-चाळिशीनंतर तसेही हळूहळू झिजतात. त्यात म्हातारपणी एखादा आठवडा जरी अंथरुणात काढला, तरी गेलेले बळ परत यायला त्याच्या कितीतरी पट दिवस लागतात. मग पाय लटपटतो, म्हणून माणूस चालत नाही. चालत नाही, म्हणून पाय आणखी लटपटतो. आणि एके रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तो पडतो. खुब्याचे हाड मोडले की घरातली माणसे म्हणतात, ‘तरी आम्ही सांगत होतो, उठू नका!’

येथे शेतकरी वाचक मला अडवतील. ‘आमच्या बायका हळदीच्या नि सोयाबीनच्या वावरात दिवसभर उकिडव्या बसून खुरपतात. व्यायामाने गुडघे चांगले राहात असतील, तर यांचे आधी का गेले?’ प्रश्न अगदी रास्त आहे. वसमतकडची हळद काढून, शिजवून, वाळवून बाजारात जाते तोवर तिच्यापायी किती कमरा वाकतात ते पाहिलेल्याने या प्रश्नाला उडवून लावू नये. चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांची पाहणी झाली, तेव्हाही हेच दिसले. तेथल्या स्त्रियांत गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांहून अधिक होती, आणि तरुणपणी तासन् तास उकिडवे बसण्याशी तिचा संबंध होता.

म्हणूनच कष्ट वेगळे आणि व्यायाम वेगळा. कष्टात शरीर एकच हालचाल थकेपर्यंत, आणि थकल्यावरही, करीत राहते. लक्ष असते ते कामावर, ओळ संपवण्यावर आणि मजुरीवर; गुडघ्याकडे बघायला सवड कोणाला? व्यायामात हालचाल बदलती असते, दुखण्याच्या अलीकडे थांबता येते, आणि मुख्य म्हणजे मन तेथे हजर असते. आपले पाऊल कोठे पडते आहे, भार कोणत्या पायावर आहे, श्वास कोठे अडकला, याची जाणीव ठेवून केलेली हालचाल ही वेगळीच वस्तू आहे. वयाची सत्तरी ओलांडलेल्याला तिचीच खरी गरज असते.

ही जाणती हालचाल शिकायला शहरात जायला हवे असे नाही. हिंगोलीहून थोड्या अंतरावर, कयाधूच्या काठी नर्सी आहे. संत नामदेवांचे हे जन्मगाव मानले जाते. परंपरेनुसार नामदेवांचा काळ १२७० ते १३५०, म्हणजे ऐंशी वर्षांचे आयुष्य. आणि त्यातली उत्तरवयातली कितीतरी वर्षे त्यांनी पंजाबात काढली. घुमान गावी त्यांचे स्मारक आहे, ‘गुरू ग्रंथ साहिबा’त त्यांची ६१ पदे आहेत. घुमानला २०१५ साली आपले साहित्य संमेलन भरले, तेव्हा मंडळी आगगाडीने गेली आणि तरी प्रवासाने शिणली. नामदेव चालत गेले होते.

त्यांच्या गावाहून आजही आषाढीला पालखी पंढरपूरला निघते. शेगावची गजानन महाराजांची पालखीही सेनगाव, नर्सी, औंढा नागनाथ, जवळा बाजार याच वाटेने पुढे परभणीकडे जाते. नर्सी ते पंढरपूर म्हणजे तीनशे किलोमीटरांहून अधिक वाट. त्या वाटेवर आजी-आजोबांना कोणी ‘बसा’ म्हणत नाही. आपल्या समाजात म्हातारीने चालावे, गावे आणि हो, नाचावेसुद्धा, अशी अपेक्षा करणारी वारीसारखी दुसरी जागा मला तरी ठाऊक नाही. घरी जिला पाण्याचा तांब्या हातात आणून देतात, ती येथे डोईवर तुळस घेऊन चालते आणि मुक्कामाला फुगडी घालते.

परंतु नुसत्या चालण्याहून मोठी करामत आहे ती पाऊलीची. समोरासमोर दोन ओळी, गळ्यात टाळ, मधे मृदंग. ठेक्यावर दोन पावले पुढे, एक मागे. मधेच वाकायचे, गिरकी घ्यायची, पुन्हा ओळीत यायचे. हात टाळ वाजवतात, तोंड अभंग म्हणते, कान मृदंगाकडे, डोळे समोरच्याच्या पावलांकडे. इतकी कामे एकाच वेळी, आणि तरी तोल जात नाही.

याचे मोल कळायला दोन परदेशी प्रयोग सांगतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली एक साधी गोष्ट टिपली. वृद्धाश्रमातल्या माणसांबरोबर चालताना त्यांनी बोलणे काढले. काहीजण बोलत बोलत चालत राहिले. बाराजण मात्र उत्तर द्यायला थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांतले दहाजण पडले! चालण्यालाच ज्याचे सारे लक्ष पुरते, त्याच्यापाशी अडचणीच्या वेळेसाठी शिल्लक काही उरत नाही. दुसरा प्रयोग जिनीव्हाचा, २०११ सालचा. ६५ वर्षांपुढच्या १३४ जणांतल्या निम्म्यांना आठवड्यातून एकदा, सहा महिने, पियानोच्या तालावर चालायला लावले. ताल बदलला की चाल बदलायची, हातांनी आणखी काही करायचे. न शिकलेल्यांच्या मानाने त्यांचे पडणे निम्म्याहून कमी झाले. पियानोच्या जागी मृदंग ठेवा, म्हणजे आपल्या गावच्या भजनी मंडळाचा फोटो झाला.

चीनमधली ताई ची ही संथ, लक्षपूर्वक हालचालींची कलाही याच कुळातली. तिचा पडताळा अमेरिकेत २०१८ साली ६७० वृद्धांवर घेतला गेला. ताई ची करणारे नुसते अंग ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा तर कमी पडलेच. पण बळ, तोल, चालणे असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही कमी पडले.

‘पण माझे वय?’ असे विचारणारांसाठी बोस्टनचा दाखला पुरे. १९९० साली तेथे नव्वदीच्या आसपासच्या, आश्रमात राहणाऱ्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली करून घेतला. एकाने मध्येच सोडला. उरलेल्यांच्या पायांचे बळ जवळजवळ पावणेतीन पट झाले.

आपल्या औंढ्याच्या नावाशी जुळणारे एक औंध सातारकडे आहे. तेथले अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचे वेड आपल्या संस्थानच्या शाळाशाळांतून पसरवले. त्यांच्याच गावी पंडित सातवळेकर अनेक वर्षे राहिले आणि तेही योगासनांचे व सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते. १८६७ साली जन्मलेले सातवळेकर १९६८ साली, शंभरी गाठून वारले. शंभरी नमस्कारांनीच दिली असे मी म्हणणार नाही. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी म्हाताऱ्यांवर व आजाऱ्यांवर याहून मोठा उपकार केला. खुर्ची, दोर, लोड, भिंत यांच्या आधाराने आसन करण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी पटवून दिले.

तेव्हा घरी काय करावे? हात न टेकता खुर्चीवरून सावकाश उठावे, सावकाश बसावे. प्रथम पाच वेळा, मग दहा. बसताना धपकन अंग टाकू नये. मांडीचे खरे काम बसतानाच होते. चौकटीला हात धरून एका पायावर उभे राहावे, मग एक बोट धरून, मग हात नुसता जवळ ठेवून. भिंतीच्या कडेने टाचेला चवडा लावून दहा पावले टाकावी. जमिनीवरून उठायची रीत अशी: आधी कुशीवर वळायचे, मग हात-गुडघ्यांवर यायचे, एक पाऊल पुढे रोवायचे आणि जवळच्या खुर्चीवर हात टेकून उठायचे. हे कोणी सोबत असताना शिकून ठेवावे, म्हणजे एखादे दिवशी पडल्यावर तासभर हाका मारीत राहण्याची पाळी येत नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ पुढच्या मंडळींना तोलाचे व बळाचे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करायला सांगते. ज्यांना टाळ धरता येतो त्यांनी घरातल्या घरात पाऊली करावी. लाजण्याचे कारण नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अंथरुणावरून एकदम उठू नये, काठाशी क्षणभर बसावे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून जोराने पुढे वाकू नये. मधुमेह असणाऱ्यांनी चालून आल्यावर तळवे पाहावे, कारण फोड आला तरी त्यांना दुखत नाही. छातीत दुखले, दम कोंडला, की थांबून डॉक्टरांकडे जावे. ज्यांचे गुडघे आधीच गेले आहेत त्यांनी उकिडवे बसण्याचा हट्ट धरू नये.

दिवाळीच्या या दिवसांत गावोगावच्या देवळांतून पहाटे काकडा चालू असतो. देऊळ चार पावलांवर असते, टाळ खुंटीला असतो. आजोबा निघाले तर त्यांना मोटारसायकलवर घालू नका; कंदील किंवा बॅटरी घेऊन त्यांच्या चालीने बरोबर जा. आषाढीला अजून सात-आठ महिने आहेत. रोज देवळापर्यंत, मग वेशीपर्यंत, संक्रांतीनंतर शेजारच्या गावापर्यंत, उन्हाळ्यात फक्त सकाळी, आणि चप्पल मागे पट्टा असलेली. पालखी निघेल तेव्हा सगळी वाट नाही, तर नर्सी ते औंढा एवढी तरी त्यांच्या पायांनी झालेली असेल.