ऑइल बदललं, पातळी बघितली?

स्प्लेंडरमध्ये नवं ऑइल ओतलं की लगेच डिपस्टिक बुडवू नका. तेव्हा ते बहुतेक तळालाच असतं. पंपाने वर सिलिंडर हेडपर्यंत चढवलं की पातळी उतरते. म्हणून इंजिन ३-४ मिनिटं चालवा, बंद करून २-३ मिनिटं थांबा. गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर हवी. डिपस्टिक पुसा, आटे न फिरवता नुसती टेकवून बाहेर काढा. (काही गाड्यांत आटे फिरवून मोजतात, मॅन्युअल बघाच.) ऑइलची ओली कड दोन खुणांच्या मध्ये दिसली पाहिजे.

‘थोडं जास्त असू दे’ हा गॅरेजमधला सल्ला मला मुळीच पटत नाही. जादा ऑइल क्रँकशाफ्टमुळे घुसळलं जातं, फेस होतो आणि पंपाचा दाब कमी होतो. शिवाय क्लच आणि गिअरही याच ऑइलवर चालतात, म्हणजे फटका त्यांनाही.