बावीस गेजची हॉट रॉड

सकाळी साडेसात. शटर वर गेलं की माझा पहिला हात पत्र्यावर. ८ बाय ४ फुटांचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा भिंतीला टेकवून ठेवलाय. २२ गेजचा, म्हणजे जाडी ०.७ मिलिमीटरच्या आसपास, आणि वजन साधारण साडेसोळा किलो. दुकानदार २० गेजवर अडून बसला होता. "ताई, गाडीच्या बॉडीला बावीस म्हणजे पापड," त्याचं म्हणणं. पण तेवढाच पत्रा २० गेजचा घेतला तर एकवीस किलोच्या पुढे जातो. मोटारीला त्या फरकाचं काही वाटत नाही, तो इंजिन ओढतं. आमची गाडी पेडलवर चालणार आहे. चार चाकं, एक बैठक, साखळी, गिअर, आणि वरून १९३२ च्या फोर्ड रोडस्टरचं रूप. जास्तीचा प्रत्येक किलो पेडल मारणाऱ्याच्या गुडघ्यांवर येणार.

सव्वाआठ. आठ मिलिमीटरच्या सळईचा सांगाडा टेबलावर चढवला. मूळ फोर्डच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १०६ इंच. आम्ही दोन तृतीयांश माप धरलंय, म्हणजे सत्तर इंचांच्या जरा वर. पुढे वीस इंची चाकं, मागे सव्वीस इंची, त्यामुळे नाक खाली आणि पाठ वर. हॉट रॉड म्हणून ओळख पटते ती या उतारावरूनच.

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण डॉक्टर. त्यांनी दाखवलेल्या चित्रांतल्या गाड्या चकचकीत, क्रोमनं मढवलेल्या, जड. मला मात्र त्याआधीच्या गाड्या प्रिय आहेत. १९३२ साली फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन बसवलं, ६५ अश्वशक्तीचं. पुढे या गाड्या जुन्या झाल्या आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती स्वस्तात लागल्या. त्यांनी मडगार्ड काढले, बंपर काढले, वेगाला नडणारं जे जे दिसलं ते उतरवलं आणि म्यूरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर गाड्या पळवल्या. शर्यतींना शिस्त यावी म्हणून १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन संघटनाही काढली. वजन काढून टाकणं हेच या गाडीचं मूळ. सायकलवर तिचं रूप चढवताना मी वजन वाढवलं, तर नुसती नक्कल उरेल.

नऊ. तांबट काका आले. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत त्यांचं आयुष्य गेलं, तांब्याचे बंब आणि घंगाळी मठारण्यात. रेडिएटरच्या कवचाचा वरचा भाग, जिथे पत्रा एकाच वेळी दोन दिशांना वळतो, तो त्यांच्याशिवाय कुणाला द्यायची माझी तयारी नव्हती. बेंडिंग मशीन पत्रा एका दिशेला छान वाकवतं. घुमटासारख्या वळणाला पत्र्याचं अंगच ताणावं लागतं, आणि ते हातोडीचं काम.

पुठ्ठ्याच्या फर्म्यावरून तुकडा कापला. काकांनी तो वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि गोल तोंडाच्या लाकडी हातोड्यानं मधून बाहेर ठोकायला घेतलं. घाव बसला की पत्रा तिथे पातळ होतो आणि पसरतो. पसरायला बाजूला जागा नसते, म्हणून तो फुगतो. कडेला उलटं करायचं असतं. तिथे पत्रा जास्त होऊन चुण्या पडतात, त्या चुण्या ठोकून आत जिरवायच्या. मध्य ताणायचा आणि कड आवळायची, एवढ्या दोन हालचालींतून सगळं वळण येतं. घाई केली की चुणी दुमडते, आणि दुमडलेली चुणी पुढे चिरते.

"तांबं बोलतं," काका म्हणाले. "कडक झालं की आवाज बदलतो, मग भट्टीत घालून मऊ करायचं. लोखंड हट्टी आहे. पण ऐकतं."

दर थोड्या वेळानं तुकडा सांगाड्यावर धरायचा, फट कुठे राहते ते पाहायचं, खडूनं खूण करायची, परत पिशवीवर. अकराच्या सुमाराला मी त्याच्या मधोमध अंगठा दाबून पाहिला. सकाळी हाच पत्रा दोन बोटांनी लपलपत होता. आता तो अंगठ्याला दाद देईना. माझ्या कामाचा सगळा भरवसा यावरच आहे. सपाट पातळ पत्रा थरथरतो, खड्ड्यात वाजतो. त्याच पत्र्याला दुहेरी वळण मिळालं की तो ताठ होतो, एक ग्रॅमही न वाढता. मडगार्डच्या कडेत बारीक तार घालून पत्रा तिच्यावर वळवला की कडही तशीच ताठ होते. जाडीचं काम आकाराकडून करून घेता येतं, आणि ते करून घेणारा कारागीर या शहरात आजही बसतो. त्याच्याकडे फक्त शोभेच्या वस्तू मागणं मला त्याच्या हाताचा अपमान वाटतो.

मग मठारणं. आतून लोखंडी खुंट, वरून गुळगुळीत तोंडाची हातोडी, एकाला एक लागून हलके घाव. काकांचं मनगट तेवढं हलतं, खांदा नाही.

बारा. वेल्डिंग मामा गॅस पेटवतात. मिग वेल्डिंगनं काम लवकर उरकतं, पण त्याचा सांधा कडक होतो, नंतर ठोकायला गेलं की ऐकत नाही. गॅसचा सांधा मऊ राहतो. आधी अंतराअंतरावर टाके, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही. सांधा थंड होताना आक्रसतो आणि शेजारचा पत्रा ओढून घेतो, म्हणून मामांच्या पाठोपाठ काका तो डॉलीवर, म्हणजे मागे धरलेल्या लोखंडी ठोकळ्यावर, ठोकून परत ताणत जातात. आज दोघांना एकमेकांना काही सांगावं लागलं नाही.

दीड. डबे. जेवताना मी दोघांना शार्ल मोशे या फ्रेंच माणसाबद्दल सांगितलं. १९३० च्या दशकात तो पेडलवर चालणाऱ्या चार चाकी गाड्या बनवून विकत होता. त्याच्याच आडव्या बैठकीच्या सायकलवर फ्रान्सिस फोरनं १९३३ मध्ये तासाभरात ४५ किलोमीटर कापून विक्रम केला. पुढच्या वर्षी सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं असली सायकल शर्यतीतून बाहेर काढली. मामांनी घास थांबवून विचारलं, "जिंकली म्हणून?"

सव्वादोन. चासी. एक इंची गोल पाइप, १.६ मिलिमीटर जाडीचा, मीटरला सुमारे ९४० ग्रॅम. साखळी मागच्या एकाच चाकाला दिली आहे, दुसरं बेअरिंगवर मोकळं फिरतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. दोन्ही एकाच दांड्याला जखडली तर एक घासत जाईल, आणि डिफरन्शियल लावायचा तर वजन आलंच. स्टिअरिंगसाठी दोरा लावला: चाक वळतं त्या खिळीपासून स्टिअरिंगच्या हाताच्या टोकातून दोन्ही बाजूंचे दोरे मागच्या आसाच्या मध्यावर मिळाले पाहिजेत. ते मिळाले की आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं आणि टायर खरवडत नाहीत. डाव्या बाजूला थोडा फरक होता, स्टिअरिंगचा तो हात तापवून सरळ केला.

चार. बॉडी अजून सांगाड्यावरच आहे, म्हणून चासीवर तिच्या वजनाइतकी वाळूची पोती बांधली आणि डेंगळे पुलाकडे निघालो. गाडी आणि स्वार मिळून सव्वाशे किलो धरा. साध्या तब्येतीचा माणूस बराच वेळ १०० वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो. तेवढ्यात दोन टक्क्यांच्या चढावर ही गाडी ताशी दहा किलोमीटरच्या थोडी पुढे जाते. सपाटीवर दहा किलो जास्त झाले तरी फारसं कळत नाही. चढावर कळतात, आणि प्रत्येक सिग्नलला पुन्हा निघताना कळतात. पुण्यात सिग्नल किती, हे सांगायला नको. पुढे ३२ दात, मागचं सर्वांत मोठं चक्र ३४ दातांचं, त्यामुळे हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण फेराही घेत नाही. चढ मी बसल्या बैठकीत, दम न लागता पार केला. उतारावर पुढचे दोन्ही डिस्क ब्रेक एकदम धरतात का ते पाहिलं. धरतात.

साडेपाच. डॉक्टर दवाखान्याच्या आधी डोकावून गेले. त्यांना नाकावर लांबी (पुट्टी) भरून काळा रंग आणि त्यावर ज्वाळा हव्या होत्या. हॉट रॉडवर ज्वाळा शोभतात, मलाही आवडतात. पण लांबी म्हणजे पुन्हा वजन, आणि पत्रा थरथरला की तीच आधी तडकते. मी त्यांना मठारलेला भाग खिडकीशी नेऊन दाखवला. प्रत्येक घावाची चपटी टिकली उजेडात वेगळी दिसत होती.

"हे झाकायचं?" मी विचारलं.

ते बराच वेळ हात फिरवत राहिले. मग काकांना म्हणाले, "काका, गंजणार नाही ना?"

"लॅकर द्या वेळेवर, आणि पावसात उभी करू नका," काका म्हणाले.

ठरलं ते असं: ज्वाळा दरवाज्यांपासून मागे, नाक उघड्या पत्र्याचं, पारदर्शक लॅकरखाली. मात्र उघडा पत्रा रात्रभर तसाच राहिला तर सकाळपर्यंत तांबूस होतो. म्हणून सात वाजता शटर ओढण्याआधी मी आणि मामांनी सगळा तुकडा थिनरनं पुसला आणि तेलाचा पातळ हात दिला. उद्या काका आले की डावी बाजू घ्यायची.