पवित्र रक्त वेदी (रोथेनबुर्ग)

पवित्र रक्त वेदी (जर्मन: हायलिग-ब्लूट-आल्टार) हे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, रोथेनबुर्ग ऑब डेअर टाउबर येथील सेंट याकोब चर्चमध्ये असलेले लाकडी वेदीशिल्प आहे. त्यातील मूर्ती शिल्पकार टिलमान रीमेनश्नायडर (मृत्यू: इ.स. १५३१) याने इ.स. १५०१ ते १५०५ या काळात घडवल्या. येशू ख्रिस्ताचे शिष्यांसमवेतचे शेवटचे भोजन हा शिल्पाचा मुख्य विषय असून, त्यात यहूदा इस्कर्योत याला दिलेल्या मध्यवर्ती स्थानामुळे ते विशेष ओळखले जाते.

पार्श्वभूमी

ख्रिस्ताच्या रक्ताचा थेंब मानला जाणारा अवशेष या चर्चमध्ये जतन केलेला होता व त्याच्या दर्शनासाठी यात्रेकरू येत. या अवशेषासाठीच ही वेदी उभारण्यात आली. तिची चौकट बनवण्याचे काम एरहार्ट हार्श्नर या सुताराने इ.स. १४९९ मध्ये हाती घेतले. अवशेषाची स्फटिकाची कुपी वेदीच्या वरच्या भागातील क्रुसात बसवलेली आहे.

रचना

मध्ययुगीन कलेत यहूदा बहुधा कडेला किंवा मेजाच्या पलीकडे एकटा दाखवला जाई. येथे मात्र तो पैशाची थैली घेऊन दृश्याच्या मध्यभागी उभा आहे आणि येशू त्याला भाकरीचा घास देत आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायानुसार, ज्याला घास दिला जाईल तोच विश्वासघात करणार, असे येशूने सांगितले होते. त्यामुळे भोजनाचा विधी आणि विश्वासघात हे दोन्ही एकाच कृतीत व्यक्त होतात. यहूदाची मूर्ती जागेवरून काढता येते. ती काढल्यावर तिच्यामागे येशूला टेकलेला योहान पूर्णपणे दिसतो. डाव्या पाखेवर येशूचा यरुशलेममधील प्रवेश, तर उजव्या पाखेवर जैतुनांच्या डोंगरावरील प्रार्थना कोरलेली आहे.

माध्यम व प्रकाश

मूर्ती लिंडन वृक्षाच्या मऊ, सूक्ष्म पोताच्या लाकडात कोरलेल्या आहेत. तत्कालीन प्रथेप्रमाणे त्या रंगवून सोनेरी मुलाम्याने मढवलेल्या नाहीत. चेहऱ्यांवरील भाव व वस्त्रांच्या चुण्या केवळ कोरीवकामातून आणि छायाप्रकाशातून उठून दिसतात. भोजनदृश्यामागे काचेच्या लहान खिडक्या असल्याने मूर्तींवर मागूनही उजेड पडतो आणि दिवसाच्या प्रहरांनुसार दृश्याचे स्वरूप बदलत जाते.

नंतरचा काळ

इ.स. १५४४ मध्ये रोथेनबुर्गने लूथरप्रणीत धर्मसुधारणा स्वीकारली. या पंथात अवशेषपूजेला स्थान नसूनही वेदी टिकून राहिली. आज ती चर्चच्या पश्चिमेकडील सज्जात आहे.