जिवावरचं बोटावर

जपानमधल्या लोकल गाडीच्या पहिल्या डब्यात, चालकाच्या केबिनमागच्या काचेशी उभं राहिलं की थोड्याच वेळात एक नवल दिसतं. इस्त्रीचा गणवेश आणि पांढरे हातमोजे घातलेला चालक समोरच्या सिग्नलकडे ताठ बोट रोखतो आणि मोठ्यानं त्याची स्थिती पुकारतो. मग बोट वेळापत्रकावर जातं, नंतर घड्याळावर, नंतर वेगाच्या काट्यावर, आणि प्रत्येक वेळी तोंडानं उच्चार होतो. केबिनमध्ये तो एकटाच असतो, त्यामुळे त्याचं ऐकायला कुणी नसतं. पर्यटकांना हा काहीतरी खास जपानी विधी वाटतो. ते व्हिडिओ काढतात, हसतात आणि उतरून जातात.

या पद्धतीला तिकडे ‘शिसा कान्को’ म्हणतात. तिची मुळं वाफेच्या इंजिनांच्या काळातली. तेव्हा इंजिनावर चालक आणि फायरमन असे दोघं असत आणि सिग्नलचा रंग एकमेकांना ओरडून सांगत. कोबेच्या रेल्वे प्रशासनानं १९१३ च्या सुमाराला ही रीत नियमपुस्तिकेत घातली. आपल्याकडेही लोको पायलट आणि सहायक लोको पायलट हेच करतात. एकानं ‘डबल यलो’ म्हटलं की दुसऱ्यानं तेच पुन्हा उच्चारायचं. फरक इतकाच की जपान्यांनी दुसरा माणूस गेल्यावरही पुकारणं सोडलं नाही.

हे नुसतं कर्मकांड आहे की त्यात काही तथ्य आहे? १९९४ साली जपानच्या रेल्वे तंत्रसंशोधन संस्थेनं याची परीक्षा घेतली. लोकांना रंग पाहून योग्य बटण दाबण्याचं अगदी साधं काम दिलं. काहीही न करता नुसतं बटण दाबणाऱ्यांच्या दर शंभर वेळांमागे सरासरी २.३८ चुका झाल्या. बोट दाखवून पण न बोलता काम केलं तेव्हा चुका दीडवर आल्या आणि नुसतं पुकारलं तेव्हा एकवर. बोट आणि आवाज दोन्ही एकत्र आले तेव्हा राहिल्या फक्त ०.३८, म्हणजे मूळच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढ्या. यासाठी कुठलं यंत्र बसवलं नव्हतं की सॉफ्टवेअर विकत घेतलं नव्हतं. पैसा शून्य, वेळ एखादा सेकंद!

या आकड्यांनी मी थक्क झालो, पण त्यामागचं कारण जास्त चक्रावून टाकणारं आहे. आपली समजूत अशी की डोळे उघडे असले म्हणजे समोरचं दिसतं. ते खरं नाही. २०१३ मध्ये एक अमेरिकी प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन देऊन त्यांतल्या गाठी शोधायला सांगितलं होतं. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी खोडसाळपणे एका गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या तब्बल ४८ पट मोठं. चोवीसपैकी वीस जणांना तो दिसला नाही. नजर कुठे जाते हे टिपणारं उपकरणही लावलेलं होतं. गोरिला न दिसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती. डोळे पोचले होते, लक्ष पोचलं नव्हतं.

बोट आणि आवाज यांचं काम इथे सुरू होतं. सवयीचं काम हात आपोआप उरकत असतात. बोट उचलायचं म्हणजे क्षणभर थांबावं लागतं, नजर नेमक्या जागी न्यावी लागते. जे दिसलं ते शब्दांत सांगायचं तर ते खरोखर पाहावं लागतं. वर स्वतःचाच आवाज कानावर पडतो आणि चुकीचं बोललं गेलं तर कान दचकतो. ‘जिवावरचं बोटावर निभावलं’ असं आपण नशिबाचे आभार मानताना म्हणतो. जपान्यांनी नशिबाची वाट न पाहता बोट आधीच कामाला लावलं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनं १९९६ पासून याचीच छोटी आवृत्ती उचलली. दारं उघडण्याआधी कंडक्टरनं फलाटाच्या मध्यावर टांगलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवायचं, म्हणजे गाडी पूर्ण फलाटाला लागली आहे याची खात्री होते.

आता याचा एचआरशी, म्हणजे मनुष्यबळ विभागाशी, काय संबंध ते पाहू. आपल्या बहुतेक कंपन्यांत सुरक्षा हे सेफ्टी ऑफिसरचं खातं मानलं जातं. एचआरच्या वाट्याला येतो तो ४ मार्च. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो सुरक्षा दिन. शपथ, घोषवाक्य स्पर्धा, बॅनर, समोसे. माझा यावर राग नाही. पण कामगाराचं लक्ष कुठे असेल, हे पुष्कळदा एचआरच्या कपाटातल्या फायली ठरवतात: पाळ्यांचं वेळापत्रक, मेमो, वेतनवाढीचे निकष, चौकशीची पद्धत. लक्ष हे हेल्मेटसारखं गेटवर वाटता येत नाही. ते एका वेळी एकाच ठिकाणी असतं आणि भीती नेहमी पहिला वाटा मागते.

याचा सगळ्यात विदारक पुरावा बोट दाखवणाऱ्या त्याच देशानं दिला. २५ एप्रिल २००५, सोमवार, सकाळी सव्वानऊची वेळ. ओसाकाजवळच्या अमागासाकी शहरात जेआर वेस्ट कंपनीची सात डब्यांची लोकल रुळावरून उतरून एका निवासी इमारतीवर आदळली. १०६ प्रवासी आणि चालक मृत्युमुखी पडले, ५६२ जण जखमी झाले. वळणावर वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर होती. गाडी ११६ च्या वेगानं शिरली होती. हवामान स्वच्छ होतं आणि ब्रेकही चालू स्थितीत होते.

चालक २३ वर्षांचा होता, चालक होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. आधीच्या इतामी स्थानकात गाडी ७२ मीटर पुढे गेली होती. ती मागे घेण्यात वेळ गेला आणि सुमारे सव्वा मिनिट उशीर झाला. सव्वा मिनिट! आपल्या मुंबईत एवढ्या उशिराला कुणी उशीरही म्हणणार नाही. पण त्या कंपनीत अशा चुकीला ‘निक्किन क्योइकु’ नावाचं उत्तर होतं. कागदावर ते फेरप्रशिक्षण होतं. प्रत्यक्षात चालकाला गाडीवरून उतरवून दिवसच्या दिवस कार्यालयात बसवत, पश्चात्तापाचे निबंध लिहून घेत, वरिष्ठ सगळ्यांदेखत झापत, कुणाला गवत उपटायला, कुणाला साफसफाईला लावत. या मुलानं आदल्या वर्षी अशाच एका चुकीसाठी तेरा दिवस ते भोगलं होतं.

म्हणून इतामीहून निघाल्यावर त्यानं कंडक्टरला इंटरकॉमवर विनवलं, अंतर जरा कमी करून सांगा. कंडक्टर रेडिओवर नियंत्रण कक्षाला ७२ ऐवजी ८ मीटर सांगत होता आणि चालक ते ऐकत होता. अपघाताचा अधिकृत तपास २००७ मध्ये पूर्ण झाला. ब्रेक लावायला उशीर झाला तो बहुधा त्याचं लक्ष रेडिओवरच्या बोलण्याकडे आणि शिक्षा टाळण्यासाठीच्या सबबींकडे गेल्यामुळे, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. वळण समोर होतं, डोळे उघडे होते आणि मन तेराव्या दिवसाच्या त्या खोलीत होतं. ती खोली सिग्नल विभागानं बांधली नव्हती. ती मनुष्यबळ व्यवस्थापनाची होती आणि सुरक्षेच्या नावानंच चालत होती.

(या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती लपवणं अप्रामाणिक ठरेल. वळणावर जास्त वेगातली गाडी आपोआप रोखणारी नवी यंत्रणा त्या मार्गावर बसवायची राहिली होती. ती असती तर चालकाचं लक्ष कुठेही असतं तरी गाडी सावरली असती. धोका मुळातून काढणं किंवा यंत्रानं अडवणं हे माणसाच्या सावधपणापेक्षा नेहमीच वरचढ. बोट दाखवायला शिकवून मशीनवरच्या गार्डचा खर्च वाचवू पाहणारा मॅनेजर भेटला, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगावी.)

भीतीनं चुका लपतात आणि लपलेली चूक दुसऱ्याचा जीव घेते, हे विमानवाल्यांना आधी कळलं होतं. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत टीडब्ल्यूएचं एक विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळलं आणि विमानातले सर्व ९२ जण गेले. तपासात कळलं की सहाच आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच डोंगराला जेमतेम चुकवून गेलं होतं, नकाशा आणि सूचना यांच्या तशाच गैरसमजातून. ते वैमानिक बोललेही होते, पण ते बोलणं त्यांच्या कंपनीच्या आत राहिलं. १९७६ मध्ये चुका कळवण्याची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. तिच्यातली चतुराई बघा: अहवाल दंड करणाऱ्या विमान वाहतूक खात्याकडे जात नाहीत, ‘नासा’कडे जातात. नासाच्या हातात कुणाचा परवाना नाही. कळवणाऱ्याचं नाव काढून टाकतात आणि नकळत झालेली चूक दहा दिवसांत कळवली तर दंडातून सूट मिळते.

आपल्या कारखान्यांच्या गेटवर ‘अपघातमुक्त दिवस’ मोजणारा फलक असतो. आकडा वाढला की बक्षीस आणि शून्यावर आला की सगळ्या पाळीचं बक्षीस जातं. अशा ठिकाणी बोट चेचलं तर पट्टी बांधून गप्प बसण्यात सहकाऱ्यांचं हित असतं. फलक वाढत राहतो. मला विचाराल तर तिथे ‘या महिन्यात थोडक्यात वाचलेले प्रसंग’ लिहावेत आणि आकडा घसरला तर काळजी करावी. धोका आधीच ओळखून बोलण्याची तालीमही अवघड नाही. १९७४ च्या सुमारास जपानच्या सुमितोमो मेटल कंपनीत एक सराव सुरू झाला. पाळी सुरू होण्याआधी पाच-सहा जणांनी कामाचं एक चित्र पाहायचं, यात काय बिघडू शकेल ते सांगायचं, सर्वांत मोठा धोका निवडायचा, उपाय ठरवायचा आणि त्याच्याकडे बोट रोखून सगळ्यांनी तो पुकारायचा. तिथे सगळ्यात नव्या पोरालाही बोलावं लागतं.

जेआर वेस्टनं २०१६ च्या एप्रिलपासून नियम बदलला. अपघात झाला तरी निव्वळ मानवी चुकीसाठी कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, मुद्दाम केलेलं कृत्य आणि घोर निष्काळजीपणा मात्र अपवाद. हा नियम लिहायला कंपनीला अपघातानंतर अकरा वर्षं लागली. सगळा पेच त्या अपवादात आहे. घोर म्हणजे किती घोर हे कोण ठरवणार आणि ठरवणाऱ्या समितीत स्वतः गाडी चालवलेला कुणी असणार का, हा मसुदा प्रत्येक एचआरला आपापल्या कारखान्यात बसून लिहावा लागेल.