शेवरले गेली, गिऱ्हाईक मागे राहिलं

जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि 1954 ला गाशा गुंडाळला. पुढे कंपनी परत आली, 2008 ला तळेगावात कारखानाही टाकला. पण 2013 मध्ये प्रदूषणाच्या नियमात बसत नाहीत म्हणून 1 लाख 14 हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या. चाचणीत आपल्याच माणसांनी गडबड केली, हे कंपनीनेच मान्य केलं. 2017 अखेर भारतातली विक्री बंद. सर्व्हिस चालू ठेवू म्हणाले, पण मालकाला धास्ती वेगळीच. पार्ट मिळतील का? विकायला काढली तर भाव कोण देणार?

मुर्ध्यात माझ्या दुकानात मिक्सर घ्यायला येणारी मावशी किंमत नंतर विचारते. आधी म्हणते, "बिघडला तर तूच बघशील ना रे?"