लेप्टोस्पायरोसिस

लेप्टोस्पायरा प्रजातीच्या सर्पिल सूक्ष्मजंतूंमुळे होणारा आणि प्राण्यांपासून माणसास जडणारा संसर्गजन्य रोग. उष्ण व दमट प्रदेशांत तो विशेषेकरून पावसाळ्यात आढळतो व पुरानंतर त्याच्या साथी उद्भवतात. कावीळ व वृक्कविकार यांसह येणाऱ्या त्याच्या तीव्र प्रकाराचे वर्णन आडोल्फ व्हाइल या जर्मन वैद्यांनी १८८६ मध्ये केले. म्हणून त्या प्रकारास ‘व्हाइल रोग’ म्हणतात. रोगकारक सूक्ष्मजंतूचा शोध पहिल्या महायुद्धाच्या काळात जपानमधील इनाडा, इडो व त्यांचे सहकारी यांनी लावला.

प्रसार : उंदीर, घुशी, कुत्री, गुरे, डुकरे इ. प्राण्यांच्या वृक्कनलिकांत हे सूक्ष्मजंतू वास करतात व मूत्रावाटे बाहेर पडतात. उंदरांना सहसा रोगाची बाधा जाणवत नाही. परंतु ते दीर्घकाळ जंतू पसरवीत राहतात. ओल्या मातीत व गोड्या पाण्यात हे जंतू कित्येक आठवडे तग धरतात. कोरडेपणात मात्र ते लवकर मरतात. त्वचेवरील जखमा व ओरखडे आणि डोळे, नाक व तोंड यांची श्लेष्मकला यांतून ते शरीरात शिरतात. माणसापासून माणसास संसर्ग क्वचितच होतो. भातशेतीत राबणारे शेतकरी, गटारे साफ करणारे कामगार व खाटीक यांना या रोगाचा धोका अधिक असतो.

पुराशी संबंध : पूर हा रोग निर्माण करीत नाही, मातीत व गटारांत असलेले जंतू तो माणसापर्यंत आणून पोहोचवितो. बिळांत पाणी शिरल्याने उंदीर मनुष्यवस्तीच्या आश्रयास येतात, गटारांचे पाणी रस्त्यांवर व घरांत पसरते आणि पाण्यात फार वेळ राहिल्याने मऊ पडलेल्या त्वचेतून जंतूंना वाट मिळते. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. असंख्य लोकांना तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले व पुढील काही आठवड्यांत शहरात या रोगाची साथ उद्भवली. फिलिपीन्समधील मानिला येथेही २००९ मधील पुरानंतर अशीच साथ आली. निकाराग्वात १९९५ मध्ये अतिवृष्टीनंतर आलेल्या साथीत कावीळ नव्हती, तर फुप्फुसांतील रक्तस्रावाने मृत्यू ओढवले.

लक्षणे व निदान : परिपाक काल सामान्यतः ५ ते १४ दिवसांचा असल्याने पाणी ओसरल्यावर रुग्ण दिसू लागतात. एकाएकी ताप, थंडी, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्यांतील व कमरेतील स्नायूंच्या वेदना आणि डोळ्यांची लाली ही प्रारंभीची लक्षणे होत. याच दिवसांत हिवताप व डेंग्यूही फैलावत असल्याने निदान चुकण्याचा संभव असतो. म्हणून रुग्ण पुराच्या पाण्यातून किंवा चिखलातून वावरला होता काय, याची विचारपूस महत्त्वाची ठरते. बहुतेक रुग्ण बरे होतात; मात्र काहींत कावीळ, वृक्क निकामी होणे, फुप्फुसांतील रक्तस्राव असे घातक उपद्रव होतात. रक्तातील प्रतिपिंडांची परीक्षा पहिल्या आठवड्यात नकारात्मक येऊ शकते. त्यामुळे सबळ संशय असल्यास तिच्या निष्कर्षासाठी उपचार थांबवीत नाहीत.

उपचार व प्रतिबंध : सौम्य रोगावर डॉक्सिसायक्लीन आणि तीव्र रोगावर पेनिसिलीन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही प्रतिजैविके देतात, वृक्क निकामी झाल्यास अपोहन करावे लागते. पुराच्या पाण्याशी संपर्क आलेल्यांस प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लीन देता येते. परंतु गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्या बाबतीत ते सहसा टाळतात. म्हणून हे औषध वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे लागते. जखमा झाकणे, चिखल काढताना गमबूट व हातमोजे वापरणे आणि पुराच्या पाण्यातून आल्यावर साबणाने अंग धुणे हे वैयक्तिक उपाय होत. तथापि कचऱ्याची वेळेवर विल्हेवाट, उंदरांचे नियंत्रण व पाण्याचा योग्य निचरा यांवाचून साथींना कायमचा पायबंद बसत नाही. म्हणूनच सखल भागांतील दाट वस्त्यांना या रोगाची झळ सर्वाधिक पोहोचते.