हातातील घड्याळ

१९२४ साली पॅरिस येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत एक धावपटू चक्क हातात घड्याळ घेऊन धावत होता. धावता धावता तो मधूनच त्यावर दृष्टी टाकी. त्याचे नाव पाव्हो नुर्मी.

नुर्मीचा जन्म १८९७ साली फिनलंडमधील तुर्कू या गावी झाला. तो बारा वर्षांचा असताना वडील वारले. शाळा सुटली, आणि एका पावभट्टीत हरकाम्या म्हणून मालाची अवजड गाडी चढावर ढकलण्याचे काम त्याच्या वाट्यास आले. पायांतील बळ त्याने तेथे कमावले असेल. परंतु लांबच्या शर्यतीस केवळ बळ पुरत नाही. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरच्या शर्यतीत फ्रान्सच्या जोसेफ गियमोने त्याला हरविले.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत सुरुवातीचा उत्साह हाच पुष्कळदा धावणाऱ्याचा वैरी ठरतो. पहिल्या फेरीत अंग ताजे असते, पाय भरभर पडतात, आणि शेजारचा पुढे जाऊ लागला की मन आवरत नाही. पण स्नायूंना लागणारा प्राणवायू हृदय व फुप्फुसे एका मर्यादेपर्यंतच पुरवू शकतात. वेग त्या मर्यादेच्या फार पलीकडे गेला, की थोड्याच वेळात धाप लागते, पाय शिशासारखे जड होतात, आणि आरंभी वाचविलेले चार क्षण शेवटी दामदुपटीने फेडावे लागतात. ही मर्यादा ज्याची त्याची निराळी. दुसऱ्याकडे पाहून ती कळत नाही. स्वतः धावून, वेळ मोजून आणि ती मागच्या महिन्याच्या वेळेशी ताडूनच कळते. नुर्मीचे घड्याळ याच कामाचे होते. त्याच्या आधारे तो आपला वेग शक्य तितका एकसारखा राखी.

पॅरिसच्या वेळापत्रकात १,५०० आणि ५,००० मीटर या दोन्ही अंतिम शर्यती एकाच दिवशी, एकीनंतर तासाभराच्या आत दुसरी, अशा ठेवल्या होत्या. ‘दोन्ही जिंकीन’ असे म्हणणे सोपे होते. नुर्मीने ते आधी करून पाहिले. १९ जून १९२४ रोजी हेलसिंकी येथे तो एका तासाच्या आत दोन्ही अंतरे धावला. पहिले ३ मिनिटे ५२.६ सेकंदांत व दुसरे १४ मिनिटे २८.२ सेकंदांत. हे दोन्ही जागतिक विक्रम ठरले! पण नुर्मीच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट वेगळीच होती. जे त्याने मनात धरले होते, ते आपल्या आवाक्यातील आहे हे त्याला आता मोजून कळले होते.

१० जुलै रोजी १,५०० मीटरची शर्यत त्याने ३ मिनिटे ५३.६ सेकंदांत जिंकली. स्वतःच्या विक्रमाहून एक सेकंद अधिक लागला. परंतु पुढची शर्यत अद्याप बाकी होती. ५,००० मीटरच्या वेळी, नुर्मी थकलेला असणार असे समजून त्याचा देशबांधव विली रितोला व स्वीडनचा एडविन वीडे यांनी विक्रमी वेग धरला. आता झुंज घड्याळाशी नसून या दोघांशी आहे, हे ओळखून नुर्मीने ते घड्याळ गवतावर फेकून दिले. वीडे मागे पडला. शेवटच्या सरळ टप्प्यात रितोला बाहेरच्या बाजूने झेपावला. नुर्मीनेही वेग वाढविला, पण त्याला रोखण्यापुरताच. मैदानाची फेरी ५०० मीटरची होती. त्या दहा फेऱ्या नुर्मीने १४ मिनिटे ३१.२ सेकंदांत, म्हणजे दर फेरीस सरासरी सुमारे ८७ सेकंद या वेगाने पुऱ्या केल्या. रितोला त्याच्यामागे अवघ्या ०.२ सेकंदाने पोहोचला.